पाहणाऱ्याची जागा

पैसे मोजून तिकीट काढायचे, अंधारात बसायचे, परक्या माणसाच्या देहाची विटंबना अडीच तास पाहायची आणि बाहेर पडल्यावर कॉफी पिऊन घरी जायचे, हा व्यवहार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. ज्याला तो रुचतो तो 'नुसती करमणूक' म्हणतो. ज्याला रुचत नाही तो 'विकृती' म्हणतो. आणि दोघेही एकमेकांना काडीचेही न पटवता आपापल्या वाटेने जातात. वस्तुतः हे भांडण दोन जातींच्या माणसांतले आहे असे धरून चालल्यामुळेच ते कोठे पोहोचत नाही, असा आम्हांला संशय आहे.

प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये लिओंटियस नावाच्या गृहस्थाची एक लहानशी हकीगत सांगितली आहे. पिरीयस बंदराहून अथेन्सकडे येताना तटाबाहेर, वधाच्या जागी, त्याला प्रेते पडलेली दिसली. पाहावेसे वाटले आणि पाहण्याची किळसही वाटली. काही वेळ त्याने तोंड झाकून घेतले. शेवटी इच्छा अनावर झाली, तेव्हा तो धावत पुढे गेला आणि स्वतःच्याच डोळ्यांना शिव्या देत त्यांना 'घ्या आता पोटभर' असे काहीसे म्हणाला. सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहिलेल्या या हकीगतीत प्रेक्षक एकच आहे, आणि त्याच्या प्रतिक्रिया दोन आहेत.

हे सर्व आमच्या मनात घोळू लागण्याचे निमित्त अगदी साधे आहे. कुंभकोणमला बदली होऊन आम्हांस आता तिसरे वर्ष लागले. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेल्या या गावात देवळे इतकी आहेत की पत्ता सांगताना गोपुरावाचून चालत नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांची आणि विड्याच्या पानांची पेठही नावाजलेली आहे. मराठी बोलणारी घरे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे सुटीच्या दिवशी कचेरीतल्या तमिळ स्नेह्यांकडे जाणेयेणे होते आणि भाषा शिकण्याच्या मिषाने जुने तमिळ चित्रपट पाहणे होते. अशाच एका शनिवारी भारतीराजांचा १९७८ सालचा 'सिगप्पु रोजाक्कळ', म्हणजे 'लाल गुलाब', पाहण्यात आला. ज्यांनी राजेश खन्ना आणि पूनम धिल्लन यांचा १९८० चा 'रेड रोज' पाहिला असेल त्यांना कथा ठाऊक असेल. हिंदी रूपही भारतीराजांनीच केले होते. 'पदिनारु वयदिनिले' आणि 'किळक्के पोगुम रयिल' हे आधीचे दोन्ही चित्रपट खेड्यातले होते. या दिग्दर्शकाला खेड्यापलीकडे काही येत नाही, असे लोक म्हणू लागले, तेव्हा त्याने शहरातला हा खुनी उभा केला.

कमल हासन यांनी रंगवलेला दिलीप हा श्रीमंत, देखणा, सभ्य वागणारा तरुण आहे. स्त्रियांना तो आपल्या बंगल्यावर नेतो, त्यांचा उपभोग घेतो आणि मग त्यांना मारतो. प्रेते बागेत पुरली जातात, आणि शीर्षकातले गुलाब त्या मातीत वाढतात. श्रीदेवींची शारदा ही कापडाच्या दुकानात काम करणारी साधी मुलगी. तिच्याशी तो लग्न करतो. इळैयराजांचे संगीत इतके गोड आहे की मधूनच आपण कोणत्या घरात शिरलो आहोत याचा विसर पडतो. रक्त म्हणाल तर आजच्या मानाने थोडेच. परंतु या चित्रपटात एक पात्र असे आहे की ज्याच्यापुढे रक्ताचे प्रमाण गौण ठरते. दिलीपला वाढवणारा म्हातारा घरात बसून आहे, आणि प्रत्येक खुनाचे चित्रण करून ते त्याला दाखवले जाते. तो ते मन लावून पाहतो. त्याने स्वतः या खुनांत हात घातलेला नाही. तो केवळ प्रेक्षक आहे.

हा म्हातारा पडद्यावर आला तेव्हा बैठकीत आम्ही सातआठ माणसे होतो. आम्हीही तेच पाहत होतो जे तो पाहत होता. त्याच्यात आणि आमच्यात फरक कोणता?

चित्रपट संपल्यावर जो वाद झाला तो याच प्रश्नाभोवती फिरला, जरी कोणी तो असा मांडला नाही. यजमानांचे वडील, निवृत्त शिक्षक, यांनी हा चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा विद्यार्थी असताना पाहिला होता. त्यांच्या मते तो त्या काळचा धाडसी प्रयोग होता, आणि प्रयोगाला सोवळ्याचे नियम लावू नयेत. आमच्या सौभाग्यवतींनी मध्यंतरालाच तोंड फिरवले होते. त्यांचा आक्षेप रक्ताला नव्हताच. त्या म्हणाल्या, "अहो, त्याच्या लहानपणची सगळी कहाणी दाखवली, त्याचा अपमान कोणी केला, कोणावर आळ आला, पाळणाऱ्याची बायको कशी निघाली, सगळे सांगितले. ज्या बागेत पुरल्या त्यांच्या लहानपणाचे काय? त्यांना घर नव्हते?" या बोलण्याला बैठकीत कोणाजवळच उत्तर नव्हते, म्हणून ते बोलणे थोडे बाजूला सारले गेले. अशी बोलणी सहसा बाजूलाच सारली जातात.

खरा प्रतिवाद केला तो यजमानांनी. हे आमच्याच वयाचे, जन्माने कुंभकोणमचे. १६ जुलै २००४ रोजी या गावातल्या एका शाळेला आग लागून ९४ मुले गेली. त्या वेळी हे दुसऱ्या एका शाळेत शिकत होते. ते म्हणाले, "सार, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जी छायाचित्रे आली ती आमच्या घरी कोणी पाहिली नाहीत. अप्पांनी पेपर घडी करून कपाटावर ठेवला. आजपर्यंत मी ती पाहिलेली नाहीत. आणि हा चित्रपट मी सहा वेळा पाहिला आहे. तेव्हा ज्याला हे आवडते त्याला क्रौर्य आवडते, असे मला कोणी सांगू नये." ते हे अगदी शांतपणे बोलले. त्यांच्या वडिलांनी मान खाली घातली. त्यानंतर काही वेळ त्या घरात फक्त पंख्याचा आवाज होता.

या उत्तरात मोठे तथ्य आहे, हे मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही. खोट्या भयाचा रसिक खऱ्या भयापुढे निर्ढावलेला असतो, हा नीतिवाद्यांचा आवडता सिद्धान्त. या एका माणसापुढे तो टिकत नाही. खऱ्याखोट्याचा विवेक त्याच्या मनात आमच्याहून पक्का आहे. किंबहुना, जे पाहवत नाही त्याच्या जवळपास जाऊन येण्याची ही एक सुरक्षित वाट असेल, असेही म्हणता येईल.

आपल्या साहित्यविचाराला हा प्रश्न नवा नाही. भरताने भयानक आणि बीभत्स यांना रसांच्या पंक्तीत मानाने बसवले, आणि त्याच 'नाट्यशास्त्रा'त युद्ध, मरण, नगराचा वेढा यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या सूचित कराव्यात, असेही सांगितले. शोकपर्यवसायी नाटक पाहून दुःख व्हायचे ते सुख का होते, याचा उलगडा नरसिंह चिंतामण केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून केला. 'सविकल्प समाधी' हा त्यांचा शब्द आमच्या पिढीपर्यंत निदान परीक्षेपुरता तरी पोहोचला आहे. वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, पण आपण आपणच आहोत ही जाणीव सोडत नाही. या दुहेरी अवस्थेत आनंद आहे, असे त्यांचे म्हणणे. बडोद्यासारख्या परमुलखातल्या सभेत हा विचार मांडला गेला, ही गोष्ट आम्हां बदलीवाल्यांना उगीचच सुखावते. आम्हीही तमिळ बोलताना सविकल्पच असतो.

केळकरांचा सिद्धान्त आमच्या स्नेह्यांच्या बाजूचा आहे. परंतु त्यात एक जागा मोकळी राहते. एकरूप व्हायचे ते कोणाशी? शोकनाट्यात हे विचारावे लागत नाही, कारण आपण दुःख भोगणाऱ्याबरोबर असतो. खुनाच्या चित्रपटात पडद्यावर निदान तिघे असतात: मारणारा, मरणारा आणि पाहणारा. कॅमेरा कोठे ठेवला आहे त्यावरून आपली जागा ठरते, आणि ती आपण स्वतः निवडलेली नसते.

सत्तरीच्या दशकात अमेरिकेत अल्प भांडवलावर जे भयपट निघाले त्यांच्यावरचे वाद या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. टोब हूपर यांचा 'द टेक्सस चेनसॉ मॅसॅकर' १९७४ साली आला. ब्रिटनमध्ये तो १९९९ पर्यंत प्रमाणपत्रावाचून राहिला. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने त्याची प्रत जतन केली. एकाच चित्रफितीला एका देशात बंदी आणि दुसऱ्या देशात संग्रहालय! गंमत अशी की त्यात रक्त फारच थोडे दिसते. ज्यांना तो असह्य झाला त्यांनी जे पाहिले ते बरेचसे स्वतःच्याच मनाने रंगवले होते. आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'गिधाडे'ची कथा अशीच सांगतात. १९७० साली श्रीराम लागूंनी ते नाटक केले तेव्हा साडीवरचा तांबडा डाग परीक्षण मंडळाला खपेना; मग डाग निळा केला गेला, आणि तो तांबडा समजावा असे प्रेक्षकांना आधीच सांगितले गेले. डाग निळा झाल्याने कोणाचा थरकाप कमी झाला असेल असे आम्हांला वाटत नाही; समजून घ्यायला सांगितल्यावर तो वाढलाच असेल. 'सखाराम बाइंडर'चा खटला त्यानंतर १९७२ चा. ते नाटक बंद पडले आणि उच्च न्यायालयातून सुटले. अमेरिकेतले भयपट आणि तेंडुलकरांची ही नाटके एका मापाची आहेत असे कोणी समजू नये. प्रेक्षागृह दुभंगण्याची रीत तेवढी सारखी.

आणखी एक जोडी याहून बोधक आहे. वेस क्रेव्हन यांच्या १९७२ च्या 'द लास्ट हाऊस ऑन द लेफ्ट'चे कथानक इंगमार बर्गमन यांच्या १९६० च्या 'द व्हर्जिन स्प्रिंग'वरून घेतलेले आहे, आणि बर्गमननी ते एका मध्ययुगीन स्वीडिश पोवाड्यावरून घेतले. मुलीवर अत्याचार करून तिला मारणारे लोक नकळत तिच्याच आईबापांच्या घरी रात्रीचा आसरा मागतात, आणि आईबापांना सत्य कळते. एकच घटना. बर्गमनच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले; क्रेव्हनच्या चित्रपटाला ब्रिटनमध्ये १९७४ साली प्रमाणपत्र नाकारले गेले आणि तो अखंड स्वरूपात तेथे २००८ सालीच संमत झाला. बर्गमनचा बाप सूड घेतल्यावर आकाशाकडे पाहून देवाला जाब विचारतो, त्याची क्षमा मागतो, तेथे देऊळ बांधण्याची शपथ घेतो. मुलीच्या देहाखालून झरा वाहू लागतो. क्रेव्हनचे आईबाप रक्ताने माखून आपल्याच घराच्या मोडतोडीत बसून राहतात, आणि चित्रपट संपतो. प्रेक्षकाला हात धुवायला पाणीसुद्धा मिळत नाही. पुष्कळांना हा बाजारूपणा वाटला. काहींना मात्र हेच अधिक प्रामाणिक वाटले: सूडानंतर झरा फुटतो हेच खोटे, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. व्हिएतनामच्या युद्धाची दृश्ये ज्या दिवाणखान्यांत रोज दिसत होती तेथे कोणता झरा फुटत होता?

तथापि पाणी देण्याची ही प्रथा आमच्या या परिसरात फार जुनी आहे, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही. तंजावरजवळच्या मेलट्टूर गावी नृसिंहजयंतीच्या सुमारास भागवतमेळ्यात 'प्रह्लादचरित्रम्' हे तेलुगू नाटक रात्रभर चालते. तंजावरच्या मराठे राजांनी आश्रय दिलेली ही कला. नृसिंहाचा मुखवटा एरवी देवळात पूजेत असतो. तो धारण करणारा नट उपवास करतो. मुखवटा चढल्यावर त्याच्या अंगात संचार होतो असे मानतात, आणि त्याला आवरण्यासाठी माणसे सज्ज ठेवावी लागतात. प्रेक्षक तेथेही भयच पाहायला येतात; पण भय कोणाच्या हाती सोपवायचे याची व्यवस्था आधी झालेली असते. तसेच कुंभकोणमपासून जवळ तिरुभुवनम् येथे कंपहरेश्वराचे चोलकालीन देऊळ आहे. तेथे शरभाची मूर्ती प्रसिद्ध आहे. हिरण्यकशिपूला फाडल्यावरही नृसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हा शंकराने अर्धा पक्षी अर्धा पशू असे रूप घेऊन त्याला शांत केले, ही ती कथा. शैववैष्णवांच्या स्पर्धेचा वास तिला आहे, आणि आमचे वैष्णव स्नेही ती ऐकताच विषय बदलतात. पण स्पर्धा बाजूला ठेवली तर कथेतला विचार मोलाचा आहे: दुष्टाचा वध न्याय्य असला तरी तो करणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही नंतर शांत करावे लागते, आणि ते काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. चित्रपटगृहाचा दरवाजा मात्र थेट रस्त्यावर उघडतो.

सरकारी यंत्रणेकडून हे काम होईल अशी आशा, सरकारी नोकर असूनही, आम्ही धरत नाही. १९५२ च्या कायद्याखाली चित्रपट तपासले जातात. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ही पूर्वतपासणी वैध ठरवली. 'शोले'च्या मूळ अखेरीत ठाकूर गब्बरला ठार करतो. १९७५ साली ती बदलून पोलिस आणावे लागले. 'बँडिट क्वीन'बद्दल १९९६ साली त्याच न्यायालयाने असा निर्वाळा दिला की तेथले अत्याचाराचे दृश्य कामना चाळवण्यासाठी नसून किळस आणि करुणा जागी करण्यासाठी आहे. आमच्या मते हा निर्वाळा या विषयावरील पुष्कळ टीकालेखांपेक्षा सरस आहे, कारण काय दाखवले याच्या पलीकडे जाऊन तो पाहणाऱ्याच्या मनात काय व्हावे याचा विचार करतो. प्रमाणपत्रावरचे अक्षर पाहणाऱ्याचे वय विचारते. तो कोठे बसला आहे हे विचारायला त्यात रकाना नाही.

येथवर आल्यावर आम्हांला वाटले होते की कसोटी हाती लागली. जे चित्र आपल्याला सोसणाऱ्याच्या जागी बसवते ते कितीही भयंकर असले तरी ग्राह्य, आणि जे आपल्याला त्या म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसवते ते सोज्वळ असले तरी त्याज्य. उदाहरणही घरचेच मिळाले. दारासुरम् येथील ऐरावतेश्वराच्या बाराव्या शतकातील देवळात त्रेसष्ट शिवभक्तांच्या चरित्रांतले प्रसंग लहान लहान शिल्पांत कोरले आहेत. त्या भक्तांपैकी एक म्हणजे सिरुत्तोंडर. भैरवाच्या वेषात आलेल्या शंकराने त्याच्याकडे मुलाच्या मांसाचे भोजन मागितले आणि त्याने ते वाढले. हा सिरुत्तोंडर म्हणजेच आपला श्रियाळ, त्याचा सीराळन् म्हणजे आपला चिलया बाळ. शेक्किळार यांच्या 'पेरियपुराणा'तली ही कथा दक्षिणेतून वर येत श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'त १७१८ साली मराठी झाली, आणि तेथून आमच्या आजीच्या तोंडी आली. श्रावणात ती सांगताना चांगुणा उखळात मुलाचे शिर कांडू लागली की आजीचा आवाज फुटायचा. कोणत्याही चेनसॉच्या चित्रपटात याहून भयंकर काही असेल असे वाटत नाही. तरी या कथेला कोणी विकृत म्हणाले नाही, कारण ऐकणारा सबंध वेळ आईच्या जागी असतो, आणि शेवटी मूल हाक मारताच धावत येते.

हे आम्ही घरी मोठ्या समाधानाने बोलून दाखवले. सौभाग्यवती दारासुरमला आमच्याबरोबर आल्या होत्या. तमिळ कथाही त्यांनी देवळातल्या वाटाड्याकडून नीट ऐकून घेतली होती. त्या म्हणाल्या, "तमिळ गोष्टीत मुलाचे डोके आई शिजवत नाही. ते दासी बाजूला ठेवते आणि तीच रांधते. उखळ आपल्याकडचे आहे. आणि डोळ्यांत पाणी न आणता, ओव्या म्हणत कांडायचे, ही अटही आपल्याकडची. ही भर कोणी घातली? ऐकणाऱ्यांना आणखी काहीतरी पाहायचे होते म्हणूनच ना?"

आम्ही म्हटले की ती भर भक्तीची पराकाष्ठा दाखवण्यासाठी आहे.

"कोणाच्या भक्तीची? हो म्हणाला तो श्रियाळ. तिला कोणी विचारले?"

यावर आम्ही श्रीधरांचा काळ, आतिथ्यधर्माची कल्पना आणि पुराणकथेचे रूपकत्व यांविषयी जे काही बोललो ते येथे नमूद करण्याच्या योग्यतेचे नाही. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले. मग त्या एवढेच म्हणाल्या की आजीचा आवाज फुटायचा तो चांगुणेच्या जागी बसून, हे खरे. पण समोर बसलेल्या माणसांपैकी किती जण तेथे बसत होते आणि किती जण अतिथीच्या पाटावर, हे आजीला कसे कळणार? पुढच्या वैशाखात मेलट्टूरला जाऊन रात्रभर बसायचे त्यांनी ठरवले आहे. आमच्या स्नेह्यांचे वडीलही येणार आहेत. मुखवट्याकडे न पाहता या खेपेला आपण समोर बसलेल्या लोकांचे चेहरे पाहणार, असे त्या म्हणतात.